बारा बेचाळीसची नोंद

मी एक जुना लाकडी डेस्क आहे. विद्यापीठाच्या परीक्षा इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. सध्या मी तिथे असतो. माझ्या पाठीवर झेरॉक्सचे यंत्र ठेवलेले आहे. ते दिवसभर तापते, कागद बाहेर टाकते आणि संध्याकाळी गार होते. मित्रांनो, तुम्ही त्या खोलीत आलात तर तुम्हाला आधी ते यंत्रच दिसेल. मी बहुधा दिसणारच नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जे पाहिले आणि जे कानावर आले, ते फक्त तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका अर्जातून झाला. लाकूड नंतर आले.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक मुलगी दाखल झाली होती. बारा वर्षांची असताना ती गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत होती. छातीच्या खाली तिला काहीही जाणवत नसे. चिमटा काढला तरी नाही, चटका बसला तरी नाही. वर्गातली मुले तिला 'दशांश' म्हणत, कारण कुठलेही उत्तर ती मोघम सोडत नसे. दशांशचिन्हापुढचे चार आकडे लिहून झाल्याशिवाय तिची पेन्सिल खाली येत नसे. तिलाही ते नाव आवडत असावे, कारण वहीच्या पहिल्या पानावर तिने तेच लिहिले होते.

पहिल्या सत्राच्या परीक्षेला तिच्यासाठी वेगळी सोय नव्हती. परीक्षेच्या दालनात बसायला आणि लिहायला एकत्र जोडलेली बाके होती. तिची खुर्ची त्यात शिरत नव्हती. साधे टेबल आणले, तर खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडले आणि कागद तिच्यापासून हातभर लांब राहिला. तिला पुढे वाकता येत नव्हते. कोपरे कशावर तरी टेकलेली असतील तरच तिचे अंग सरळ राहायचे, नाहीतर ती एका बाजूला कलायची. मग कुणीतरी एक फळी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "चालेल ना?" असे विचारले. ती म्हणाली, "माझ्या बाबतीत मी सोडून सगळं चालतं." सगळे हसले. तीही थोडी हसली, आणि फळीवर पेपर लिहिला.

चार पेपर तिने तसेच लिहिले. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिच्या आईला तिच्या मांडीवर जखम दिसली. फळीची कड रोज तीन-चार तास एकाच जागी रुतत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. आई एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिने अशा जखमा पाहिल्या होत्या, त्यामुळे ती घाबरली. जखम भरायला सात आठवडे लागले. सात आठवडे दशांश पालथी झोपून होती. पालथे झोपूनच तिने पुढच्या सत्राची दोन पुस्तके वाचली.

त्यानंतर तिने अर्ज केला. तो अर्ज सुविधा कक्षात आला. ज्या विद्यार्थ्यांना पाहण्यात, ऐकण्यात, चालण्यात किंवा लिहिण्यात अडचण आहे, त्यांची सोय पाहणे हे या कक्षाचे काम होते. कक्ष म्हणजे एक खोली, दोन कपाटे आणि एक कारकूनबाई. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. बाई बोलायला कडक होत्या, पण अर्ज आला की तो त्याच दिवशी पुढे जायचा. हा अर्ज तीनदा परत आला. एकदा शिक्का नव्हता म्हणून, एकदा शिक्का चुकीच्या जागी होता म्हणून आणि एकदा कुणालाच सांगता न आलेल्या कारणासाठी. तिन्ही वेळा बाईंनी तो नव्याने पाठवला.

शेवटी काम देखभाल विभागातल्या मिस्त्रींकडे आले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला हा सुतार कमी बोलायचा. सोबत एक आराखडा आला होता आणि त्यात नेहमीच्या टेबलाचे माप दिले होते. मिस्त्रींनी आराखडा घडी करून खिशात ठेवला आणि बाईंना विचारले, "पोरगी कुठं भेटेल?"

ते तिला ग्रंथालयाच्या पायथ्याशी भेटले. त्यांनी तिच्या खुर्चीच्या हातांची उंची मोजली, दोन हातांमधले अंतर मोजले, गुडघे कुठवर येतात ते पाहिले. मग तिला म्हणाले, "समोर टेबल आहे असं समज आणि कोपरं टेकव." तिने हवेत कोपरे टेकवली. मिस्त्रींनी त्या हवेचे माप घेतले. हे सगळे त्यांनी मला घडवताना आपल्या मदतनिसाला सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे.

असा मी तयार झालो. नेहमीच्या टेबलापेक्षा चार इंच उंच. पुढच्या कडेला अर्धगोल खाच, म्हणजे खुर्ची आत घेतली की फळी दोन्ही बाजूंनी तिला वेढायची. गुडघ्यांच्या जागी आडवी पट्टी नाही. फळी चांगली रुंद, कारण संख्याशास्त्राच्या पेपरला कोष्टकांचे मोठे तक्ते उघडून ठेवावे लागतात. पलीकडच्या तीन कडांना बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे पेन घरंगळले तरी खाली पडणार नाही. पडलेले पेन तिला उचलता येत नव्हते. हे मिस्त्रींना कुणी सांगितले नव्हते. ते त्यांनी पाहिले होते.

पुढची अडीच वर्षे माझी कामाची वर्षे होती. परीक्षा आली की मला या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत, खिडकीपाशी मांडत. दशांशला तिचा मामा घेऊन यायचा. तो पाण्याचे जार पोचवायचा टेम्पो चालवत असे आणि सकाळच्या फेरीआधी भाचीला सोडत असे. त्याला बोलायला फार लागायचे. पर्यवेक्षक असो, शिपाई असो, तो प्रत्येकाला सांगायचा की मी घरोघर पाणी पोचवतो आणि मधल्या वेळात विद्यापीठात संख्याशास्त्र पोचवतो. दशांश म्हणायची, "मामा, तू आता जा." तो जायचा आणि दुपारी दोनला परत यायचा. इतरांचा पेपर दहा ते एक असे. तिला तासामागे वीस मिनिटे जादा होती, म्हणून तिचा पेपर दोनला संपे.

ती खुर्ची आत घ्यायची, डावे कोपर खाचेच्या काठावर टेकवायची आणि उजव्या हाताने लिहायची. तक्ते डावीकडे, मोजपट्टी समोर. लिहिताना ती माझ्यावर अंगाचा सगळा भार टाकायची. ती कुणाशी फार बोलत नसे. पेपर चांगला गेला तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. एकदा बाईंनी विचारले, "बरं वाटतं का या डेस्कवर?" ती म्हणाली, "लिहून होतं." एवढेच.

त्या काळात माझे कौतुकही झाले. विद्यापीठाच्या पत्रिकेत माझे छायाचित्र आले. कुठून कुठून अधिकारी यायचे, माझ्या खाचेवरून हात फिरवायचे आणि कल्पना छान आहे म्हणायचे. ही कल्पना कुणाची, असे मात्र कुणी विचारले नाही. मिस्त्री तोवर निवृत्त झाले होते.

आता त्या दिवसाचे सांगतो.

शेवटच्या सत्राचा शेवटचा पेपर होता. तो झाला की दशांशची पदवी पूर्ण होणार होती. दुसऱ्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या अभ्यासासाठी तिला प्रवेश मिळाला होता, फक्त महिन्याभरात अंतिम गुणपत्रक दाखवायचे होते. हे मामाने सगळ्या शिपायांना सांगून झाले होते.

त्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात एक समारंभ होता. विद्यार्थ्यांना उत्तम सुविधा दिल्याबद्दल विद्यापीठाला प्रमाणपत्र मिळणार होते. पाहुणे बाहेरून येणार होते. आदल्या दिवशी दुपारी मंडपवाल्याची माणसे खाली आली. त्यांना मानचिन्हे मांडायला एक देखणा, रुंद डेस्क हवा होता. बाकीची टेबले डगमगणारी आणि पत्र्याची होती. त्यांनी मला पाहिले, चौघांनी उचलले आणि जिन्याने वर नेले. कुणाला विचारायचे असते हे त्यांना माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते, ते तेव्हा जवळपास नव्हते. उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, तीन आठवड्यांपासून दुरुस्तीसाठी बंद होते.

वर त्यांनी माझ्यावर निळे कापड अंथरले. खाच दिसू नये म्हणून ते पुढून खाली सोडले. त्यावर पितळी मानचिन्हे आणि दोन पुष्पगुच्छ ठेवले.

खाली काय झाले ते मी पाहिले नाही. नंतर बाईंनी, मामाने आणि त्या दिवशीच्या पर्यवेक्षकाने वेगवेगळ्या वेळी जे सांगितले, ते जोडून सांगतो.

पावणेदहाला मामा दशांशला घेऊन आला. खिडकीपाशी जागा रिकामी होती. पर्यवेक्षक एक तरुण प्राध्यापक होता, जाड भिंगांचा चष्मा, तात्पुरत्या नेमणुकीवरचा. त्याला या खोलीची पहिलीच वेळ होती. त्याने केंद्रप्रमुखांना बोलावले. सगळ्या परीक्षा केंद्राची जबाबदारी केंद्रप्रमुखांवर असते. ते आले, त्यांनी चौकशी केली आणि डेस्क वर समारंभात आहे हे कळल्यावर कपाळाला हात लावला. मग म्हणाले की साधे टेबल आणून देतो, नाहीतर मांडीवर घ्यायला फळी देतो, आजच्या दिवस भागवून घे.

मामा चिडला. त्याचा आवाज चढला. दशांशने त्याचा हात धरला आणि त्याला बाहेर थांबायला सांगितले. मग ती केंद्रप्रमुखांना म्हणाली, "सर, फळीनं मला जखम होते आणि झालेली मला कळत नाही. साध्या टेबलावर माझं अंग राहत नाही. मी थांबते. डेस्क आला की लिहिते."

"थांबलीस तर वेळ तुझाच जाईल. दोनच्या पुढं मला एक मिनिट देता येणार नाही. नियम आहे."

"हो, माहीत आहे."

ती हे नेहमीच्याच आवाजात बोलली. रडली नाही, चिडली नाही. पर्यवेक्षक नंतर म्हणाला की ती चिडली असती तर त्याला सोपे गेले असते.

केंद्रप्रमुखांनी बाईंना वर पाठवले आणि ते दुसऱ्या दालनात गेले. दहाची घंटा झाली. पर्यवेक्षकाने प्रश्नपत्रिका आणली. टेबल नव्हते, म्हणून ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. दशांशने ती घेतली आणि उलटी करून मांडीवर ठेवली. वाचली नाही. मग म्हणाली, "सर, तुमच्या अहवालात लिहाल का? डेस्क नाही म्हणून मी लिहायला सुरुवात केलेली नाही. आणि तो किती वाजता आला तेही."

त्याने मान हलवली. त्याने पहिली नोंद केली. दहा वाजता डेस्क खोलीत नाही.

बाई वर आल्या. हे मात्र मी पाहिले. त्या सभागृहाच्या बाजूच्या दारात उभ्या राहिल्या. कार्यक्रम साडेदहाचा होता, पण मांडणी झाली होती आणि लोक जमत होते. बाईंनी तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याला गाठून सांगितले. अधिकाऱ्यांनी पाहुणे गाडीतून उतरले आहेत असे सांगितले आणि हाताने थांबायची खूण केली. बाई थांबल्या. पाहुणे आले. स्वागत झाले. बाई परत पुढे आल्या. परत खूण झाली. मग भाषणे सुरू झाली.

मित्रांनो, ती भाषणे मी सगळी ऐकली. माझ्यावर निळे कापड होते, पण ऐकू येत होते. विद्यापीठात किती ठिकाणी उतार बांधले, किती पुस्तके ध्वनिमुद्रित केली, हे एकाने सांगितले. दुसऱ्याने एका डेस्कची गोष्ट सांगितली. एका विद्यार्थिनीसाठी, तिच्या मापाचा, खास बनवलेला. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी विचारले की असा एखादा विद्यार्थी दोन शब्द बोलेल का. सूत्रसंचालक म्हणाला, "त्यांची आज परीक्षा सुरू आहे. नाहीतर ते इथं नक्की आले असते."

बाई दाराशी होत्या. त्यांनी पदर मुठीत धरला होता. त्या हलल्या नाहीत.

प्रमाणपत्र दिले गेले, मानचिन्हे उचलली गेली, छायाचित्रे काढली गेली. एका छायाचित्रासाठी सगळे माझ्यामागे ओळीने उभे राहिले. साडेबाराला लोक चहाला गेले. तेव्हा बाईंनी पुष्पगुच्छ खाली ठेवले, कापड ओढून काढले आणि जिन्यात उभ्या असलेल्या दोन शिपायांना हाक मारली. मला न्यायला दोन माणसे पुरत नव्हती. मामा धावत वर आला. तिसरी बाजू त्याने धरली आणि चौथी बाईंनी. जिन्याच्या वळणावर माझा एक पाय भिंतीला घासला आणि त्याची कड उडाली.

मला खिडकीपाशी ठेवले. पर्यवेक्षकाने मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग भिंतीवरचे पाहिले आणि लिहिले. डेस्क बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी आला.

दशांशने खुर्ची आत घेतली. कोपर टेकवले. प्रश्नपत्रिका सरळ केली. तिच्याकडे अठ्ठ्याहत्तर मिनिटे होती. एरवी तिला दोनशे चाळीस मिळायला हवी होती.

ती लिहू लागली. घाई नव्हती. तिने पाचातले दोन प्रश्न नीट सोडवले, चार दशांश स्थळांपर्यंत. तिसरा सुरू केला आणि दोनची घंटा झाली. ती थांबली. अर्धवट ओळीवर पेन ठेवून ती थांबली आणि उत्तरपत्रिका दिली.

बाहेर मामाने तिची खुर्ची टेम्पोकडे वळवली.

निकालात त्या पेपरला सदतीस गुण होते. पास व्हायला चाळीस लागायचे. तिने जेवढे सोडवले, त्यातले जवळजवळ सगळे बरोबर होते.

तिने तक्रार केली. सोबत पहिल्या सत्राच्या वेळच्या जखमेचे डॉक्टरांचे पत्र जोडले. तीन जणांची समिती नेमली गेली. समितीची बैठक वरच्या मजल्यावर ठेवली होती आणि उद्वाहन अजून बंद होते, म्हणून बाईंनी लेखी कळवले की जिची तक्रार आहे तिला वर येता येणार नाही. मग समिती खाली आली. बसायला दुसरी जागा नसल्याने ते तिघे माझ्याभोवती बसले आणि त्यांनी आपले कागद माझ्यावर ठेवले. त्यामुळे हे सगळे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळले.

केंद्रप्रमुखांच्या अहवालात लिहिले होते की डेस्क थोड्या विलंबाने उपलब्ध झाला. पर्यवेक्षकाच्या अहवालात दोन नोंदी होत्या, दहाची आणि बारा बेचाळीसची. समितीच्या प्रमुखांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते वयस्कर होते, वागायला सभ्य होते आणि त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचे होते. त्यांनी पर्यवेक्षकाला विचारले की गडबडीत माणसाची वेळ चुकू शकते, तासाभराचा फरक पडू शकतो, नाही का.

तो तरुण भिंतीला टेकून उभा होता. त्याची नेमणूक दोन महिन्यांत संपत होती आणि ती पुढे द्यायची की नाही हे ज्यांच्या हातात होते, त्यातले एक जण समोर बसले होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही पडत, सर," तो म्हणाला. "दोन घड्याळं बघून लिहिलंय. बारा बेचाळीस."

"तुम्हाला परत एकदा आठवून बघायचं असेल तर..."

"आठवायची गरज नाही. म्हणूनच लिहिलं होतं."

दशांश दाराशी होती. तिने त्याच्याकडे पाहिले. आभार मानले नाहीत, मानही हलवली नाही. फक्त पाहिले.

मग बाईंची साक्ष झाली. त्यांनी जसे झाले तसे सांगितले, वरची हाताची खूण आणि भाषणेही. शेवटी त्या म्हणाल्या की आपण दोन तास दाराशी उभ्या राहिलो, ही आपली चूक आहे आणि तीही लिहून घ्यावी. समितीने ती लिहून घेतली नाही.

महिन्याभराने निर्णय आला. तो पेपर दशांशसाठी पुन्हा घ्यायचा. एकटीसाठी, नव्या प्रश्नपत्रिकेवर. त्यात आणखी एक महिना गेला. पुढच्या संस्थेची प्रवेशाची तारीख केव्हाच उलटली होती. तिने त्यांना पत्र लिहून मुदत मागितली. त्यांनी नम्र उत्तर पाठवले की जागा भरली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

पुन्हा घेतलेल्या पेपराच्या आदल्या दिवशी बाईंनी मला स्वतः खिडकीपाशी मांडले, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली घरी नेली. सकाळी आठलाच येऊन त्यांनी कुलूप उघडले. दशांश आली. तिने खुर्ची आत घेतली, तक्ते उघडले आणि दोन वाजेपर्यंत लिहिले. पाचही प्रश्न. मामा आत आला, तेव्हा ती पेनाला टोपण लावत होती.

"कसा गेला?" त्याने विचारले.

"चांगला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आधीचाही असाच गेला असता."

मामाने तिची पिशवी उचलली. तिला अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. ते वर्ष तिने घरी काढले. शेजारच्या मुलांची गणिते घेतली, असे मामाने बाईंना सांगितले. पुढच्या वर्षी ती त्या संस्थेत गेली. पदवीचे प्रमाणपत्र घ्यायला ती इथे आली होती. बाहेरच्या खिडकीवर सही केली आणि गेली. मला पाहायला ती आत आली नाही. तिला त्याचे काही कारणही नव्हते. मी तिच्यासाठी लिहायची जागा होतो आणि तिचे लिहून झाले होते.

तो पर्यवेक्षक पुढच्या सत्राला दिसला नाही. त्याची नेमणूक पुढे चालू झाली नाही. त्या साक्षीमुळे झाली नाही की दुसऱ्या कशामुळे, हे मला माहीत नाही, म्हणून मी ते सांगणार नाही.

पुढे नवे डेस्क आले. पोलादी, कडेला दांडी असलेले. दांडी फिरवली की ते वर-खाली होत. ते चांगले होते. वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळी उंची मिळू लागली. माझी एकच उंची होती आणि ती एकाच माणसाची होती. मला अरुंद खोलीत हलवले. काही दिवस माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मग हे यंत्र आले. यंत्राचा तळ माझ्या फळीवर बसेना, कारण कडांच्या पट्ट्या आड येत होत्या. एका माणसाने पटाशीने त्या तिन्ही पट्ट्या उडवून टाकल्या. अर्ध्या तासाचे काम होते. त्यावेळी बाई रजेवर होत्या. परत आल्यावर त्यांनी पाहिले, उरलेल्या खिळ्यांवरून बोट फिरवले आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

बरीच वर्षे अशीच गेली. सांगण्यासारखे काही घडले नाही.

गेल्या हिवाळ्यात एक पत्र आले. बाईंनी ते याच खोलीत, यंत्राशेजारी उभे राहून उघडले. सोबत एक नवी कारकून मुलगी होती. बाई निवृत्त होणार म्हणून ती काम शिकत होती. पत्र दशांशचे होते. ती आता दुसऱ्या शहरात सांख्यिकी कार्यालयात काम करते. पत्रात आठवणी नव्हत्या, खुशाली नव्हती. तिने लिहिले होते की दुसऱ्या एका विद्यापीठात एक मुलगी आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून तोंडी परीक्षेला तिला खुणांची भाषा येणारा दुभाषी मिळायला हवा होता. तो आला नाही. परीक्षा तशीच उरकली. तिने तक्रार केली, तर तिला सांगण्यात आले की अशा कारणासाठी परीक्षा पुन्हा घेतल्याचे एकही उदाहरण नाही. म्हणून दशांशला त्या अहवालाची आणि निर्णयाची प्रमाणित प्रत हवी होती. तिने तारीख दिली होती, खोलीचा क्रमांक दिला होता आणि वेळही दिली होती.

बाईंनी दोन दुपारी कपाटे उपसली. जुन्या फायली धुळीने माखल्या होत्या, काहींना वाळवी लागली होती. दुसऱ्या दिवशी निर्णय सापडला आणि त्याला जोडलेला तो अहवालही. पिवळा पडला होता, पण अक्षर स्पष्ट होते. खाली त्या तरुणाची सही होती, लहान आणि सरळ. बाईंनी कागद यंत्राच्या काचेवर ठेवला, झाकण लावले, उजेडाची पट्टी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली आणि प्रत बाहेर आली. मग निर्णयाची प्रत काढली.

नव्या मुलीने विचारले की एवढ्याशा नोंदीचा इतका उपयोग होतो का.

बाई त्या सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी तेव्हा दारात उभी होते. दोन तास. मी काही केलं नाही. यानं पण फार काही केलं नाही. लिहिलं फक्त. पण खरं लिहिलं, आणि विचारल्यावर बदललं नाही."

त्यांनी प्रतींवर शिक्का मारला, सही केली आणि पाकीट त्याच दिवशीच्या टपालात टाकायला दिले. त्या दुसऱ्या मुलीचे पुढे काय झाले, ते अजून इथवर आलेले नाही.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी लाकूड आहे, यंत्राचे ओझे मला पेलते. पण तुम्ही मोठे व्हाल, कुणी पर्यवेक्षक व्हाल, कुणी कारकून, कुणी मोठ्या सभागृहात हाताने खूण करणारे. तेव्हा खालच्या खोलीत एखादी वस्तू दिसली आणि ती तुम्हाला हवीशी वाटली, तर उचलण्याआधी विचारा की ही कुणाची आहे. कुणी वर येऊन दाराशी उभे राहिले, तर भाषण मध्येच थांबवून त्याचे ऐका. भाषण थांबल्याने कुणाचे वर्ष जात नाही. आणि तुमच्या हातात काहीच नसेल, कुणाला थांबवून ठेवलेले नुसते पाहण्याचीच वेळ तुमच्यावर आली, तर घड्याळ पाहा, वेळ लिहा आणि खाली आपली सही करा. नंतर कुणी कितीही गोड बोलून विचारले, तरी ती वेळ बदलू नका.